दोन विषयांचं कुलूप

...नाही, तुम्हीच सांगा, आमच्या मेव्हण्यांना त्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊ कुणी दिलं? शिबिराचं नाव काय, तर 'परदेशी ग्राहकाशी कसं बोलावं'. आता हे गृहस्थ स्वतःच्या सख्ख्या भावाशी तीन निवडणुका झाल्या बोलत नाहीत, पण तिथून आले ते थेट मला शहाणं करायला. "भावजी, धंद्यात दोन विषयांना कुलूप. धर्म आणि राजकारण. हवापाणी बोला, गुडघे बोला, नातवंडं बोला, पण या दोन खोल्या उघडायच्या नाहीत. कुलूप म्हणजे कुलूप."

तुम्हाला सांगतो, मी ब्रश बनवतो. भिंती रंगवायचे. लाकडी मूठ, पत्र्याची पट्टी, पुढे केस, बस्स, यात देव कुठे आला आणि सरकार कुठे आलं? बारा वर्षं माझा निम्मा माल एकच परदेशी व्यापारी उचलायचे, वर्षातून एकदा स्वतः यायचे, आभाळ असो नसो हातात छत्री, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव पडलं छत्रीवाले. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, दोघं मिळून एका तिसऱ्याच भाषेचे हातपाय मोडायचो आणि एकमेकांचं बरोब्बर कळायचं.

आणि मी काय गप्प बसणारा माणूस आहे? न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याला वस्तरा लागलेला असताना सरकार पाडतो मी! पण छत्रीवाले आले की अळीमिळी गुपचिळी. एकदा त्यांना स्टेशनवरून आणत होतो, समोर मोर्चा आडवा. हजारभर माणसं, झेंडे, भोंगे, गाडी तासभर जागची हलेना. त्यांनी काच खाली करून विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "ट्रॅफिक." पुढे चौकातल्या एका इमारतीत प्रार्थना चाललेली, आतून गाण्याचा आवाज येतोय, इतका गोड की कुणीही थांबावं. "ही कसली इमारत?" मी म्हटलं, "जुनी आहे." बिचारे हसले आणि गुडघ्यांवर बोलायला लागले. बारा वर्षांत त्यांचे गुडघे मला त्यांच्या डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागले... माणूस तेवढा कळायचा राहिला. काय करणार, कुलूप म्हणजे कुलूप.

गेल्या वर्षी आले. माल बांधायच्या खोलीत आम्ही दोघंच, ते एका खोक्यावर बसलेले, मी दुसऱ्यावर. त्यांनी एक ब्रश उचलला, तळहातावर फिरवत राहिले, आणि म्हणाले, "माझी बायको गेली. घराच्या खिडक्या ती स्वतः रंगवायची, तुमच्याच ब्रशानं. शेवटची खिडकी अर्धी राहिली." मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "तुम्ही लोक काय मानता? माणूस गेलं की कुठे जातं?"

आता बघा, समोर माणूस बसलाय, डोळ्यांत पाणी आहे, आणि माझ्या डोक्यात कोण उभं? मेव्हणे. बोट वर करून. आणि मी काय बोललो माहितीय? मी म्हटलं, "यंदापासून मुठीला वॉर्निशचे दोन हात देतोय."

वॉर्निश. मी वॉर्निश सांगितलं हो त्यांना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन हात," म्हणाले, "चांगलं आहे." ब्रश जागेवर ठेवला आणि उठले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचा हात पोळपाटावरच थांबला. "अहो, माणूस आपली बायको कुठे गेली असेल म्हणून विचारतोय, आणि तुम्ही मुठी दाखवताय त्याला?" त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात हवापाण्याचा विषयसुद्धा बंद होता.

मला तरी कुठे माहीत होतं हो, माणूस कुठे जातं? पण माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी संध्याकाळी कारखान्याचं दार ओढून घेतलं की मी अजून म्हणतो, "आई, निघालो गं." रोज. कुणाला म्हणतो, कुठे ऐकू जातं, देव जाणे. एवढंच सांगायचं होतं त्यांना. यात धर्म किती निघाला असता आणि राजकारण किती? पण नाही, कुलूप म्हणजे कुलूप!

यंदा छत्रीवाले आले नाहीत. त्यांचा पुतण्या आता काम बघतो. मागणी मात्र दीडपट. मेव्हणे खूश, "बघा भावजी, टिकला की नाही ग्राहक?" अरे, ग्राहक टिकला, पण माझी त्या खोक्यावर बसायची इच्छा गेली त्याचं काय? शेवटी राहवेना. बैल गेला आणि झोपा केला म्हणा हवं तर, पण बसलो आणि छत्रीवाल्यांना चार पानं लिहिली. आईचं लिहिलं, दाराचं लिहिलं, ती इमारत कसली होती ते लिहिलं, मोर्चा कशाचा होता आणि मी तसल्या मोर्चांत एकेकाळी कसा घसा फोडायचो तेही लिहिलं. खाली लिहिलं, 'तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरलो, माफ करा.' मुलीनं त्यांच्या भाषेत करून दिलं. करता करता तीच रडली.

पत्ता माझ्याकडे कंपनीचाच, तिथे धाडलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. पुतण्याचं. "आपलं पत्र मिळालं. काका आता कचेरीत येत नाहीत. कंपनीच्या नियमानुसार धर्म आणि राजकारण या विषयांवरचा मजकूर आम्ही कुणालाही पुढे पाठवत नाही. वॉर्निश उत्तम. दोनाऐवजी तीन हात देता येतील का?"

मी कळवलं, देता येतील. आणखी काय कळवणार?

पोरगं धंद्यात फार पुढे जाणार, तुम्हाला सांगतो.