दृष्टांतातली जीप

(भोकरदन, २००४. बसस्टँडमागचा हसीनाचा कॉम्प्युटर क्लास. दुपारची वेळ. पडद्यावर मोटारशर्यतीचा खेळ लागलेला.)

मच्छिंद्र : बसा म्हणलं ना बुवा, त्या खुर्चीवर बसा. पाच गावांत कीर्तनात माझं नाव घेतलं, मी मुकाट ऐकलं. आता तुम्ही दहा मिनिटं बसा.

रखमाजीबुवा : अरे मच्छिंद्रा, मला वाटलं तू चहाला बोलावलंस. हे काय, मोटारींचा खेळ? कीर्तनकार माणूस मी. कोणी पाहिलं तर काय म्हणेल?

हसीना : कोणी न्हाई बुवा, पुढची बॅच चारला येते. हे बाण बघा. वरचा दाबला की गाडी पळते, खालचा दाबला की ब्रेक. बाजूचे दोन वळायला.

रखमाजीबुवा : माझ्या हाताला चिपळ्यांची सवय गं पोरी.

मच्छिंद्र : अन माझ्या हाताला स्टेअरिंगची! बावीस वर्षं तुमची मंडळी माझ्या जीपमधी सप्त्याला नेली. टाळ, पेटी, मृदंग. कशाला साधा चरा पडला न्हाई. अन एकदा, एकदाच, केदारखेड्याच्या उतारावर गाडी फिरली, तर मी दृष्टांत झालो! "संसाराच्या उतारावर मच्छिंद्रासारखी घाई करू नका." लोक काय हसले बुवा! आता स्टँडवर माझ्या जीपमधी शीट बसंना. म्हणतेत, दृष्टांताच्या गाडीत कोण बसंल?

रखमाजीबुवा : दृष्टांत लोकांच्या भल्यासाठी असतो रे, कोणाला दुखवायला नसतो. आणि गाडी गर्रकन फिरून शेतात गेली, हे तर खरं ना? मी आतच होतो. मृदंग वाजवणाऱ्या तातेरावाचा खांदा निखळला, मृदंग फुटला.

मच्छिंद्र : फिरली. पण जोरात न्हवती! तेच दाखवायला आणलंय तुम्हाला. लाव हसीना.

हसीना : आधी गाडी जशी असते तशी लावते. पुढच्या चाकांना ब्रेक जास्त, मागच्यांना कमी. रस्ता ओला ठेवलाय, त्या दिवशीसारखा. चालवा बुवा. हां, आता उतार आला. दाबा खालचा.

रखमाजीबुवा : दाबला. थांबली की! जरा नाक खाली घातलं, पण सरळ थांबली. पांडुरंग, पांडुरंग!

हसीना : आता ही पट्टी बघा. ही सरकवली की पुढचे ब्रेक ढिल्ले आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. बाकी गाडी तीच, रस्ता बी तोच. चला.

रखमाजीबुवा : मी सावकाश नेतो. काटा बघून ठेव मच्छिंद्रा, चाळीस. आता उतार. दाबला, अरे! अरे धर, धर! ही कुठं चालली? हिचं तोंड मागं झालं!

मच्छिंद्र : लई घाई केली का बुवा?

रखमाजीबुवा : घाई? मी? काटा चाळीसवर होता! तू पाहिलास ना? मी काय पोरवयाचा आहे गाडी दामटायला? पुन्हा लाव गं.

हसीना : लावली.

रखमाजीबुवा : आता तीस. तीसच... छे! पुन्हा फिरली! हा काय अन्याय आहे? चालवणाऱ्यानं करावं तरी काय?

मच्छिंद्र : हेच! हेच मी शेतात चिखलात उभा राहून तुम्हाला सांगून राह्यलो होतो. कोणी ऐकलं न्हाई.

हसीना : मागची चाकं आधी अडकली की घसरतात बुवा. मंग गाडीचं शेपूट पुढं पळायला बघतं. ड्रायव्हर कोणी बी असू द्या.

मच्छिंद्र : काल मी स्वतः चाकं खोलून पाह्यली. पुढचे दोन्ही ब्रेक ढिल्ले केलेले! ग्रीसिंगला गाडी कुणाकडं दिली होती? याकूब मिस्त्रीकडं. तुझ्या बापानं केलं हे हसीना, अन नाव गेलं माझं!

हसीना : थांबा काका. एवढ्यासाठी माझ्याकडून गेम लावून घेतला का? अब्बांना चोर ठरवायला? अब्बांनी आपल्या मनानं कुणाच्या गाडीचा एक नट फिरवला न्हाई. त्यांना कोणी सांगितलं, ते विचारा.

मच्छिंद्र : मी तर बिलकुल सांगितलं न्हाई!

हसीना : तुम्ही चहाला गेल्ते. जीपमधी कोण बसून होतं? अब्बा नको नको म्हणत होते. तर म्हणे, मी सांगतो ना, कर. अब्बांना वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल. अन नंतर बोलले असते तर कोणी ऐकलं असतं? बुवा एकीकडं अन मिस्त्री एकीकडं!

मच्छिंद्र : बुवा?

रखमाजीबुवा : ...मृदंग नवा होता रे.

मच्छिंद्र : काय?

रखमाजीबुवा : ब्रेक लागला की पुढच्या शिटावर आपटायचा. मला वाटलं, पुढून ढिले केले की गाडी अलगद थांबेल, नाक खाली घालणार नाही. याकूबला मीच म्हणालो.

मच्छिंद्र : गाडी माझी! मला सांगायचं न्हाई?

रखमाजीबुवा : राहून गेलं. सप्त्याला वेळेत पोचायचं होतं, मंडळी खोळंबली होती...

मच्छिंद्र : म्हंजे घाई तुम्हाला होती.

रखमाजीबुवा : ...हो. विठ्ठलाशपथ सांगतो, ब्रेक ढिले केल्यानं गाडी फिरते हे मला आत्ता या खुर्चीवर कळलं. पण तुला न विचारता तुझं नाव घेतलं, ते कळायला खेळ कशाला लागत होता? हसीना, याकूब गॅरेजवर आहे का?

हसीना : हायेत.

रखमाजीबुवा : आधी त्याच्याकडं जातो. मग संध्याकाळी केदारखेड्यात कीर्तन आहेच. दृष्टांत तोच सांगतो, माणूस मी.

मच्छिंद्र : तुम्ही 'एक होता गृहस्थ' म्हणून निभावून न्याल.

रखमाजीबुवा : तुझं घेतलं तसंच घेतो. नाव, आडनाव, गाव, सगळं.

मच्छिंद्र : पाची गावांत?

रखमाजीबुवा : पाची. तुझ्याच जीपनं जाऊ. नेशील का मला?

मच्छिंद्र : राग गेलेला न्हाई, आधीच सांगून ठेवतो. ब्रेक याकूबभाईकडून बराबर करून आणतो, पाचला निघू. पण तुम्ही मागं बसायचं.

रखमाजीबुवा : बसेन. पुढं कोण?

मच्छिंद्र : माझी लेक, दुर्गा. तुमच्या त्या कीर्तनातून ती मधीच उठून आल्ती. तव्हापासून टाळाचा आवाज आला तरी दार लोटून घेती.