गुळाची दुसरी बाजू

पैठणच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघं बसले होते. बाईंच्या हातात घडी घातलेला पेपर होता.

"सांडूभाऊ, फोटो लई झ्याक आलाय तुमचा."

"व्हय, भामाबाई. डॉक्टरच्या बरोबरीनं छापलाय. बोटभर कमी नाय."

"डॉक्टर म्हणतो, गुळानं फुप्फुसातली धूळ निघत नाय, मास्क लावा. आन तुमी म्हणता, तीस वर्सं कारखान्यात हाय, रोज गूळ खातो, कधी खोकला नाय."

"खोटं हाय का?"

"खोटं नाय. पण आमच्या पोरानं, प्रणयनं ते वाचलं आन मास्क खुंटीला लावला. ग्राइंडिंगला असतो त्यो. दिवसभर लोखंडाची धूळ. आता डब्यात गुळाचा खडा मागतो, आन सकाळी उठला की खोकत बसतो."

"थांबंल खोकला."

"भाऊ, तुमी तर तीस वर्सं गेटवरच बसता ना?"

"व्हय. वॉचमन म्हटल्यावर गेटवरच."

"आत शेडमधी कधी जाता?"

"दसऱ्याला. मशिनीच्या पूजेला."

"तवा तर मशिनी बंद असत्यात."

"बंदच असत्यात."

"मग हे पेपरवाल्याला का नाय सांगितलं?"

"त्यानं इचारलंच नाय. डॉक्टरच्या समोर दुसऱ्या बाजूला छापायला त्याला एक कामगार पायजे व्हता. गेटवर मीच व्हतो."

"आता चितेगावला उतरलो की घरी चला. प्रणयला तुमच्या तोंडानं सांगा."

"येतो की. पण बाई, पेपरात छापून आलंय. आता माझं कोण ऐकतंय?"