दर्शनी बाजूचं ऊन

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, माननीय नगराध्यक्षा ताई. व्यासपीठावर बसलेले सर्व समित्यांचे सभापती. सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपल्या पालिकेचे अभियंता साहेब. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या वहिनी. आणि पंखे बंद असतानाही इथवर टिकून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

पंखे ऊर्जाबचतीसाठी बंद ठेवलेत, असं मघाशी सूत्रसंचालकांनी सांगितलं. साहेबांना निरोप साहेबांच्याच पद्धतीने. छान.

मी पालिकेच्या सूतिकागृहाची डॉक्टर. मला साहेबांविषयी चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. पण दूरदृष्टी, तळमळ, शिस्त आणि ऊर्जापुरुष, हे चारही शब्द आधीचे वक्ते वापरून गेले. तेव्हा मी उरलेलं बोलते.

साहेबांनी आमच्याकडचे गिझर काढले आणि गच्चीवर पाणी तापवायला सोलर बसवले. पालिकेला ऊर्जाबचतीचं बक्षीस मिळालं. ते बक्षीस खोटं नाही, बरं का. गिझरच काढल्यावर वीज वाचणारच. जेवण बंद केलं की धान्यही वाचतं.

आता हे सोलर बसले कुठे? पालिकेत कुठलाही फलक लावायचा असला की हुकमात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘इमारतीच्या दर्शनी बाजूस बसवावा’. तेच वाक्य साहेबांनी सोलरच्या हुकमातही उतरवलं. आमची दर्शनी बाजू, म्हणजे रस्ता, उत्तरेला. ठेकेदाराने हुकूम तंतोतंत पाळला. सगळे सोलर उत्तरेकडे तोंड करून, आणि त्यांच्या पाठीशी पाण्याची भलीमोठी टाकी. दिवसभर टाकीची सावली अंगावर घेऊन बिचारे रस्ता बघत बसतात.

मी साहेबांना गच्चीवर नेलं होतं. म्हटलं, “साहेब, यांना फिरवून टाकीच्या पलीकडे, दक्षिणेला घ्या ना.”

साहेब म्हणाले, “मॅडम, मग रस्त्यावरून दिसणार कसे?”

“दिसायला कशाला हवेत? पाणी तापायला हवं.”

“ऊन काय, सगळीकडे असतं. तुम्ही बाळंतपणं बघा.”

तर मी बाळंतपणं बघते. बाळाला पुसायला कोमट पाणी लागतं, आईला अंघोळीला गरम. आमच्या नळाला दोन्ही नाही. घरची माणसं थर्मास घेऊन येतात. परवा एक आजी जिना चढून आल्या, धापा टाकत थर्मास माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या डॉक्टरीणबाई, सूर्य घरून आणलाय. तुमचा अजून उगवायचाय.” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

पण जिचं घर लांब आहे, तिचं काय? जिच्यामागे थर्मास आणणारं कुणीच नाही, तिचं? अशी एक मुलगी सध्या खिडकीजवळच्या खाटेवर आहे. गार पाण्याने अंग पुसताना ती ओठ घट्ट मिटून घेते, मी बघतेय हे कळलं की म्हणते, “चालतंय हो, मावशी.” मी तिची डॉक्टर. ती मला मावशी म्हणते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही.

मला भांडता येत नाही. भांडायला गेले की आधी रडू येतं, आणि समोरच्याला वाटतं आपण जिंकलो. म्हणून इतके दिवस मी विनंत्या करत राहिले. आज माईक हातात आहे, आणि साहेबांना उठून जाता येत नाही.

नाही साहेब, बसा. हार पडेल.

हे आजच का बोलतेय? कारण उद्याच्या सभेत दोन विषय आहेत. साहेबांना ऊर्जा सल्लागार म्हणून पुन्हा घ्यायचं. आणि ‘सूतिकागृहाचा यशस्वी नमुना’ वृद्धाश्रमात राबवायचा. म्हणजे आता तिथले गिझर निघणार. जन्मलेल्यांना गारठवून झालं, आता म्हाताऱ्यांची पाळी. ताई, सूर्याच्या विजेला, उन्हाच्या पाण्याला माझा विरोध नाही. उलट मला ऊन हवंय. पालिकेने फक्त ते जिथे पडतं तिथे जावं.

साहेब, आज कचेरी सुटेपर्यंत तुमचा शब्द चालतो. इथे सगळ्यांसमोर म्हणा, सोलर फिरवा, आणि पाणी तापेपर्यंत गिझर परत लावा. मी आत्ता तुमच्या पाया पडेन. म्हणताय?

... काय म्हणालात? “बघू”?

ऐकलंत ना? आपण सगळे पालिकेतले. ‘बघू’ म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग माझं ऐका. उद्या सकाळी सूतिकागृहाच्या गच्चीवर माणसं येतील आणि सोलर दक्षिणेला नेतील. मी बोलावलीत. परवानगी घेतलेली नाही. कारवाई करायची तर माझ्यावर करा, त्यांच्यावर नको. आणि ताई, सभेतल्या मतदानाआधी तुम्ही फक्त एकदा आमच्या नळाखाली हात धरा. मग सल्लागार कुणाला नेमायचं ते ठरवा.

मला बोलायला बोलावलंत, त्याबद्दल आभारी आहे. पुन्हा बोलवाल असं वाटत नाही. वहिनी, तुमच्यासमोर हे बोलावं लागलं, त्याची मनापासून क्षमा मागते. बाकी कुणाची क्षमा मागावी असं माझ्या तोंडून काही गेलेलं नाही; काही सांगायचं राहिलं असेल, तर तेवढी चूक पोटात घाला.

उद्यापासून रस्त्यावरून आमचे सोलर दिसणार नाहीत. दिसले नाहीत, म्हणजे समजा, पाणी तापायला लागलंय.

धन्यवाद.