मुंद म्हणजे मागं

हसू नका, अक्काच्या घरी जायचं म्हटलं की अजून माझे कान गरम होतात. तारिहाळच्या आमच्या शेडमध्ये मी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल केलं होतं. अक्काच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्याही बघायला आल्या. मी ऐटीत सांगत होतो, "वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या या दांड्या पूर्वी इंजिनाच्या पोटाखाली असायच्या. तेल घालायला खाली शिरावं लागायचं. मग त्या बाहेर, चाकांवर आणल्या."

लिव्हरवर कन्नडमध्ये 'मुंद' लिहिलं होतं, म्हणजे पुढं. तिकडं ढकलली, तर इंजिन मागं पळालं! एक दांडी मीच उलटी बसवली होती.

"इथं काय लिहिलंय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"मुंद. म्हणजे मागं," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई रिक्षानं निघाल्या, आणि कोप्पीकर रोडवर त्यांना हवं असलेलं साडीचं दुकान मागं राहिलं. रिक्षावाल्याला त्या "मुंद, मुंद" म्हणत राहिल्या, आणि त्यानं थेट उणकलच्या तळ्यावर नेऊन सोडलं.

घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंत म्हणून बरं. त्या मेल्याला स्वतःची भाषा येत नाही!"

आणि मी काय म्हणालो? "हो ना."