कासिमिरच्या पेटीतली हवा

गेर्लिंडे: ही खिडकी जरा उघडते गं. कोंदटलंय सगळं.

हेन्रिके: आई, त्या खिडकीला हात लावू नका.

गेर्लिंडे: सकाळपासून बंद आहे. खालच्या फोग्टबाईनं जिन्यात अडवून विचारलं, वरती कुणी आजारी आहे का म्हणून. आपल्याकडे भर फेब्रुवारीतसुद्धा दुपारपर्यंत खिडक्या लावून बसलेलं घर म्हणजे एक तर आजारी, नाहीतर आळशी.

हेन्रिके: मग सांगायचं होतं, आमचा सरडा आजारी आहे.

गेर्लिंडे: सांगितलं. ‘सरडा?’ म्हणाली आणि पिशव्या उचलून चालू लागली. जाऊ दे तिचं. डॉक्टरीण काय म्हणाली ते सांग. त्याला दाखवून आल्यापासून तू कोटसुद्धा काढलेला नाहीस.

हेन्रिके: फुप्फुसं भरलीत. इंजेक्शनांचा उपयोग होत नाहीये. सोमवारी घेऊन या म्हणाली. झोपवायला.

गेर्लिंडे: झोपवायला म्हणजे...

हेन्रिके: म्हणजे तेच. कायमचं.

गेर्लिंडे: अरे देवा. माझ्या टोर्बेनचा कासिमिर.

हेन्रिके: माझ्याही टोर्बेनचा.

गेर्लिंडे: हो गं बाई, तुझाही. नवरा तुझा, मुलगा माझा. ऑक्टोबरात एकाच कबरीत मूठ मूठ माती टाकली आपण. मागं ठेवलं काय त्यानं? एक सायकल आणि हा सरडा.

हेन्रिके: सायकल तुम्ही उटेला देऊन टाकलीत.

गेर्लिंडे: बहीण ना ती त्याची, आठवण म्हणून मागितली. आता मलाही मागते. ‘आई, तिथं गेरा शहरात आता कोण आहे तुझं? इकडे फ्लेन्सबुर्गला ये.’ दर रविवारी फोन. मी म्हणते, बाई गं, हेन्रिके कामावर जाते, मग कासिमिरचं कोण करणार? दिवा लावायचा, पानांवर पाणी फवारायचं, टोळ घालायचे...

हेन्रिके: खिडक्या उघडायच्या.

गेर्लिंडे: आलीस का परत तिथंच!

हेन्रिके: बाहेर बर्फ, आणि तुम्ही रोज सकाळी येऊन सगळ्या खिडक्या सताड. तो येमेनचा आहे, आई. दिव्याखाली पाठ शेकत बसणारा जीव. डिसेंबरात हात जोडून सांगितलं होतं तुम्हाला.

गेर्लिंडे: आणि मी सांगितलं होतं, सकाळी हवा बदलली नाही तर भिंतीला बुरशी धरते, मग घरमालक तुझ्याच नावानं ओरडेल. अगं, लढाईत आमच्या खिडकीच्या काचा फुटून गेल्या होत्या, तरी माझी आई सकाळी उठून ती रिकामी चौकट उघडायची!

हेन्रिके: मी आज डॉक्टरणीला तेच विचारलं. सासूबाई रोज घरात थंडी घेतात, त्यानं झालं का हे?

गेर्लिंडे: विचारलंस? माझ्यावर आळ घालून?

हेन्रिके: हो.

गेर्लिंडे: बरं. मग बोल. ऐकून घेते.

हेन्रिके: नाही म्हणाली.

गेर्लिंडे: काय नाही?

हेन्रिके: खिडकीनं नाही. तेवढी थंडी त्यानं सोसली असती, त्याच्या डोंगरातही रात्री गार पडतं म्हणे. मग तिनं त्याच्या काचेच्या पेटीचं विचारलं. वरच्या जाळीतून वाफ बाहेर जाते का, खालच्या फटीतून हवा आत येते का. मी सांगितलं, जाळीवर प्लॅस्टिक ताणलंय, फटीला टेप मारलीय. त्यावर म्हणाली, मग हेच कारण.

गेर्लिंडे: ते तू नाताळाच्या आधी लावलेलं...

हेन्रिके: तुमच्या थंडीपासून त्याला वाचवायला. शिवाय हीटरनं हवा वाळायची, ओलावा दाखवणारा काटा रोज खाली खाली. प्लॅस्टिक लावलं आणि काटा चढला. हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला. मला वाटलं, जमलं मला. टोर्बेनशिवाय जमलं.

गेर्लिंडे: मलाही तेच वाटलं गं. काचेवरून थेंब ओघळायचे, पानं कशी टवटवीत. म्हटलं, पेटीत रान उतरलंय. म्हणून मी आणखी फवारायची.

हेन्रिके: आणखी? मी जाताना फवारून जायचे.

गेर्लिंडे: तुझं झालं की माझं. कॉफी झाली की, भांडी झाली की. तो पानावरचा थेंब चाटायचा. माझ्या हातचं पाणी अजून कुणीतरी पितंय, एवढंच मनात.

हेन्रिके: वर दिवा, खाली पाणी, झाकण घट्ट. ऊब बरोबर, ओलावा बरोबर, आणि हवा मेलेली. त्या शिळ्या वाफेत जंतू माजले आणि तेच तो आत ओढत राहिला.

(काचेच्या पेटीतून टिचकी वाजावी तसा बारीक आवाज येतो.)

गेर्लिंडे: हा आवाज! आठवडाभर ऐकतेय मी. दिवा तडतडतोय ना?

हेन्रिके: त्याचा श्वास आहे तो, आई.

गेर्लिंडे: काय सांगतेस.

हेन्रिके: मलाही दिवाच वाटला होता. मी बल्ब बदलला.

गेर्लिंडे: जन्मभर चर्चच्या गायनात उभी राहिले. शेजारणीचा सूर केसभर ढळला तरी माझी मान वळते. आणि हे कळलं नाही मला. कसले हे कान!

हेन्रिके: तुमच्या कानांचं काय घेऊन बसलात? प्लॅस्टिक मी लावलं.

गेर्लिंडे: एक सांगू? ओरड हवं तर. टोर्बेन मला म्हणाला होता. उन्हाळ्यात, इथंच, या पेटीपुढे बसून. ‘आई, याला पहाटे भिजायला हवं आणि दुपारपर्यंत सुकायला हवं. सदा ओलं राहिलं की संपलं.’

हेन्रिके: आणि हे तुम्ही आज सांगताय?

गेर्लिंडे: नाताळात सांगायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, ‘मला माहीत आहे. माझा नवरा होता तो.’

हेन्रिके: म्हणाले असेन.

गेर्लिंडे: म्हणालीस. टोचलं मला. म्हटलं, बघू दे हिचं हिला. आणि गिळून टाकलं.

हेन्रिके: मलाही खिडक्यांवरून पुन्हा भांडायचं नव्हतं. तुमच्याशी बोलण्यापेक्षा टेप सोपी होती.

गेर्लिंडे: शिळी हवा नको म्हणून बर्फात खिडक्या उघडणारी माणसं आपण. आणि त्या मुक्या जिवाला बरणीत घातलं, काकडीच्या लोणच्यासारखं.

हेन्रिके: पुरे, आई.

गेर्लिंडे: काढू तरी दे ते प्लॅस्टिक.

हेन्रिके: आल्या आल्या काढलंय. जाळी उघडीच आहे, बघा ना. त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

गेर्लिंडे: भर दिवसा डोळे मिटलेले. आणि रंग कसा झालाय, ओल्या मातीसारखा.

हेन्रिके: टोर्बेन गेल्यावर या घरात श्वास घेणारं दुसरं कोणी नव्हतं. दिवा बंद केला की तो फिकट पडून फांदीवर झोपायचा. मी उठून उठून बघायचे, पोट हलतंय ना.

गेर्लिंडे: प्रार्थना करू का मी? तुला आवडत नाही, ठाऊक आहे.

हेन्रिके: ऑक्टोबरात दवाखान्याच्या पायरीवर बसून केलीत की. काय झालं?

गेर्लिंडे: काही नाही झालं. तरी करते. दुसरं येतं काय मला? आज तर तेही होत नाहीये. गुड फ्रायडेच्या गाण्यांचा सराव आहे, जाणार नाही. पहिली ओळच पुरी होत नाही.

हेन्रिके: कासिमिरपुढे गायचात म्हणे तुम्ही. फोग्टबाईंना खालपर्यंत ऐकू यायचं.

गेर्लिंडे: हळूच गायचे गं! तो एक डोळा माझ्याकडे ठेवायचा, दुसरा टोळाकडे. निम्मं लक्ष. आमच्या पाद्रीबुवांच्या प्रवचनाला तेवढंही मिळत नाही.

हेन्रिके: सोमवारी मी रजा घेते. की... घरीच जाऊ द्यायचं त्याला?

गेर्लिंडे: नको, नको. असा तडफडत नको. आधीच आपण त्याला पुष्कळ कोंडलं.

हेन्रिके: तुम्ही याल?

गेर्लिंडे: येईन. माझ्या शालीत गुंडाळून नेऊ. वाटेत गारठायला नको.

हेन्रिके: उटेला काय सांगाल?

गेर्लिंडे: मी काय सांगणार? तीच सांगेल. ‘आता तर सरडाही नाही. ये.’

हेन्रिके: आई, टोर्बेन म्हणायचा, बागेत सरडा दिसला की तुम्ही खुर्चीवर चढायचात.

गेर्लिंडे: अजूनही चढेन. शिसारी येते मला त्यांची.

हेन्रिके: मग रोज सकाळी ट्रॅम बदलत, या थंडीत...

गेर्लिंडे: दुसरं काय सांगून आले असते गं तुझ्याकडे?

हेन्रिके: मंगळवारी काय सांगून याल?

गेर्लिंडे: तेच शोधतेय मघापासून. काही सुचत नाही.