इत्यादी

(ब्रह्मपुरीच्या कोर्टासमोर धनराजची काळीपिवळी जीप सुटायच्या बेतात. गावच्या मच्छीमार बायांच्या संस्थेच्या अध्यक्ष गिरजाबाई पदरात तोंड लपवून आत बसल्या आहेत. काळा कोट सावरत त्यांची वकील, गावचीच लेक दिव्यानी, धापा टाकत आली आहे.)

दिव्यानी : काकू, उतरा आधी! निकाल अर्धा सोडून कुठी पळून राह्यल्या?

गिरजा : घरी. मले नाई आयकाचं काई. माह्या तोंडानंच मी घात केला, अन् ते भरल्या कोर्टात वाचून बी दाखवलं त्या जज मॅडमनं.

धनराज : ओ बाई, बसता का उतरता? गाडी फुल झाली, मले निघाचं हाये.

दिव्यानी : धनराजभाऊ, दोन मिनिटं थांबवा ना जीप. ह्या जिंकल्या, अन् यांनाच मालूम नाई!

धनराज : जिंकल्या? मंग इंजन बंदच करतो.

गिरजा : काऊन थट्टा करतेस वं पोरी? ठेकेदाराच्या वकिलानं मले इचारलं, उपासाच्या दिवशी झिंगे खाता का. मी म्हनलं, नाई जी, उपासाले मासोळी कशी खावाची? झालं! झिंगे म्हंजे मासोळीच, हे मीच कबूल करून आली. तवापासून भागीरथा बोलत नाई माह्यासंगं. सख्खी जाऊ माही! तलावातले झिंगे बायाइचे होते, ते तू ठेकेदाराले देऊन आली म्हन्ते.

दिव्यानी : तेच तर सांगते! मॅडमनं तुमचं उत्तर वाचलं, तुम्ही तरातरा बाहेर निघाल्या, अन् पुढचंच वाक्य काय माहिताय? "परंतु"!

गिरजा : परंतु काय?

दिव्यानी : परंतु बाई उपासाचं बोलल्या, सौद्याचं नाही. शब्द सौद्याचा असेल तर तो बाजारात कसा चालतो ते बघायचं. अन् बाजारात मासोळीची पाटी वेगळी, झिंग्याची वेगळी. भाव वेगळा, इकणारी बाईही वेगळी.

धनराज : हे तर कोनी बी सांगन. झिंगे घेऊन ये म्हनलं अन् मी मासोळी नेली, तर बायको घरात घेत नाई.

दिव्यानी : आता करार आठवा. "तलावातील रोहू, कतला, मिरगल इत्यादी मासळी ठेकेदाराची." सारं भांडण त्या इत्यादीचं. ठेकेदार म्हणतो, इत्यादीत झिंगेही आले.

गिरजा : त्या मेल्या इत्यादीनंच घोटाळा केला! सही करतानी मले वाटलं, आंध्राकडची एखादी मासोळी असल. म्हनलं, आपल्या तलावात कायले जगते ते! टाकली सही.

धनराज : इत्यादी मासोळी! तिले काटे किती असतात, बाई?

गिरजा : हास बाबा, हास. तुह्या जीपीच्या कागदावर काय लिवलं ते तरी वाचलं का तू कधी?

दिव्यानी : काकू, हे कोर्टात नाही बोलल्या ते बरं झालं! आता ऐका. मॅडम म्हणाल्या, इत्यादी म्हणजे सारं जग नाही. आधी जी नावं आली, त्यांच्यासारखंच जे असेल तेवढंच त्यात धरायचं. रोहू, कतला, मिरगल, तिघांचंही बीज ठेकेदार आणून सोडतो. झिंग्याचं बीज कोण सोडतं?

गिरजा : कोन सोडन? ते आपल्या मनानं येतात, आपल्या मनानं वाढतात.

दिव्यानी : मग ते त्या रांगेत बसत नाहीत! अन् करार झाल्यावर ठेकेदारानं केलं काय? आपल्याच बाजारात भागीरथाकाकूकडून वाळले झिंगे नेले. पैसे मोजून! आपलीच वस्तू कोणी विकत घेतं का, असं मॅडमनं निकालात लिहिलंय.

गिरजा : अन् घासाघीस बी किती केली होती मेल्यानं! मी तथीच बसून होती.

दिव्यानी : एवढं होऊनही शंका उरलीच, तर? कागद कोणी लिहिला?

गिरजा : त्याच्याच वकिलानं. आपुन तं फक्त सह्या केल्या.

दिव्यानी : तर शंकेचा तोटा लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला नाही. साफ लिहायला त्याचा हात कोणी धरला होता?

धनराज : वा! अशी मॅडम पाह्यजे!

गिरजा : थांब वं. म्हंजे बाया... पान्यात उतरू शकतात?

दिव्यानी : उद्या सकाळीच. तो वरच्या कोर्टात गेला तर जाऊ द्या, मी आहे ना! फोन लावू का भागीरथाकाकूला?

गिरजा : नोको, तूच बोल. माहा आवाज आयकला का ठेवून देते ते.

दिव्यानी : लागला. स्पीकरवर आहे. बोला.

गिरजा : भागीरथा, मी वं, गिरजा. झिंगे आपलेच राह्यले. साऱ्याइले सांगून दे. माह्या बोलन्यानं काई गेलं नाई... आयकून राह्यली का?

धनराज : कटला का फोन?

दिव्यानी : श्श!

गिरजा : चुकली मी, पन मुद्दाम नाई चुकली वं. बोल ना काई तरी.

भागीरथा : येतानी समोर बसजो. मांगं बसली का तुले मळमळते.