रिकाम्या ओटीची नवरी

सावली गावात एक होती म्हातारी, म्हणजे मीच. अन एक होता तिचा पोरगा मारोती, लग्नाची शूटिंग करणारा. व्हिडिओ मिक्सिंगसाठी त्यानं घरीच कम्प्युटर जोडला. बाकी सामान नवं, पण हार्डडिस्क वरोऱ्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओतली, जुनी.

भर दुपारी चालू केला तं पडद्यावर कोण्या नवरीची बिदाई. ओटी रिकामी. माह्याकडंच पाहून राह्यली होती ती.

“माये, हे जुनं मिटवतो. नाई तं मिक्सिंगले जागा कुठी हाय?”

“दारी आलेल्या नवरीले रिकाम्या ओटीनं धाडतेत का रे?” म्या कम्प्युटरवर हिरवा खण अन नारळ ठेवला.

मारोती हासला. “आता सासरी पोचवून दे तिले.” पण माह्या धाकानं मिटवलं नाई.

आठ दिवसांनी वरोऱ्याकडची एक बाई आली. तिची पोरगी लग्नाच्या वर्षातच वारली होती, कॅसेटबी हरवली होती. स्टुडिओवाल्यानं आमचा पत्ता देल्ला. मारोतीनं तेच लग्न पडद्यावर लावलं.

बाई म्हणे, “हा हिरवा खण कोणाचा?”

पाहतो तं नवरीची ओटी भरलेली.

ती माय मले म्हणे, “गडबडीत म्या तिची ओटी भराची भुलली होती, बाई. तेच मले खाऊन राह्यलं होतं.”

म्या कम्प्युटरवर पाह्यलं. नारळ होता, खण नव्हता.

मंग त्या बाईच्या गावानंच मारोतीले लग्नाच्या शूटिंगले बोलावलं, अन आता हंगामात त्याले उसंत नाई. पण बिदाईच्या वक्ती कॅमेरा उचलण्याआधी तो नवरीच्या मायले इचारते, “ओटी भरली ना, बाई?”